विनंती थांबा: नाशिक ते लेह

नाना, म्हणजे माझे वडील, एस.टी.त ३० वर्षं ड्रायव्हर होते. नाशिक–सप्तशृंगगड, नाशिक–कसारा, मधली काही वर्षं रातराणी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रस्ता म्हटला की त्यांना आधी थांबे दिसतात. मनालीहून लेहला आपल्या गाडीने जायचं हे मी आणि धाकट्या भावाने फार पूर्वीपासून मनात धरलं होतं. जुलैत नानांनी आमची यादी मागून घेतली आणि ते बरोबर येणार हे तेव्हाच ठरलं.

आमच्या यादीत ३१ जागा होत्या. तळी, खिंडी, धबधबे, वळणं, व्हिडिओंमध्ये जे जे डोळ्यांत भरलं ते सगळं. नानांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "इथं किती वाजता पोचणार?" एकाही जागेसमोर वेळ नव्हती. मग विचारलं, "किती उंचीवर आहे? पाणी कुठं? तुला आडोसा कुठं?" तेही नव्हतं.

पंचवटीतल्या घरी पुढचे १५ दिवस रोज रात्री जेवणं झाली की नकाशा जमिनीवर पसरायचा आणि नाना दोनशे पानी वहीत रकाने आखायचे. अंतर, उंची, पोचायची वेळ, पाणी, आडोसा, फोन. आडोशाचा रकाना त्यांनी आपणहून आखला. बारालाचा खिंड ओलांडल्यावर झाडच काय, झुडूपसुद्धा नाही. बाईमाणसाने दिवसभर पाणी न पिता बसायचं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्या उंचीवर पाणी कमी पडलं की आजारपण ठरलेलं. बायांनो, ही यादी करताना लाजू नका. मोठा खडक, रस्त्याखालची मोरी, तंबूमागचं संडास, जे असेल ते लिहून ठेवा.

मग ३१ जागांचे दोन गट पडले. अधिकृत थांबे ११. तिथे थांबायचंच, वेळ पाळायची, खाणं, पाणी, इंजिनाला विश्रांती सगळं तिथेच उरकायचं. बाकीचे २० विनंती थांबे. वेळ हातात असेल, सगळ्यांची तब्येत ठीक असेल आणि कुणी विनंती केली तरच. हे शब्द एस.टी.च्या पाट्यांवरचे, पण या रस्त्याला यापेक्षा नेमके शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

महिना सप्टेंबरचा धरला. जून-जुलैत बर्फ वितळत असतं आणि दुपारनंतर ओढ्यांना पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा तीन वाजता गाडी अडवतो. सप्टेंबरात पाणी उतरतं, आभाळ निवळतं, गर्दीही कमी होते. थंडी मात्र सोसावी लागते. गणपती उठले की दोन दिवसांनी निघायचं ठरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पितृपक्षात कुठं निघालात?" नाना म्हणाले, "वहिनी, एस.टी. पितृपक्षात बंद असते का?" तो विषय तिथेच संपला. डॉक्टरांकडून नानांची तपासणी झाली, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. आईने मेथीचे लाडू दिले. ती येणार नव्हती, तिचे गुडघे साथ देत नाहीत.

दिवस पहिला: नाशिक ते इंदूर

पहाटे साडेचारला द्वारकेच्या चौकातून आग्रा रोडला लागलो. लहानपणापासून आपण या रस्त्याला आग्रा रोड म्हणतो, पण खरोखर त्याच्यावरून आग्र्याला जायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चांदवडला उजाडलं. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सीमेवरच्या घाटात बिजासनी देवीला नमस्कार. खलघाटला नर्मदा ओलांडताना नानांनी गाडी हळू करायला लावली, पण पुलावर थांबू दिली नाही. "पुलावर थांबा नसतो," एवढंच म्हणाले.

४०० किमीच्या वर अंतर, गाडी मी आणि भाऊ आलटून पालटून चालवली. इंदुरात रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जायचा मोह आवरला. दहाच्या आत झोप हाही वहीतला नियम होता.

दिवस दुसरा: इंदूर ते ग्वाल्हेर

लांब, सरळ, सोयाबीनचा दिवस. लिहिण्यासारखं फार नाही. ग्वाल्हेरचा किल्ला संध्याकाळी खालूनच पाहिला.

दिवस तिसरा: ग्वाल्हेर ते पानिपत

सकाळी चंबळ लागली. दोन्ही काठांना मातीच्या घळीच घळी, आणि नदी मात्र निवांत. आग्रा मागे टाकून, दिल्ली बाहेरून चुकवून चारच्या सुमाराला पानिपतला पोचलो. काला आंब हा नानांनी वहीत लाल शाईने लिहिलेला पहिला थांबा.

स्मारक गावाबाहेर आहे. बाग आहे, शांतता आहे. १४ जानेवारी १७६१, आपल्या मनात संक्रांतीशी जोडला गेलेला दिवस. आम्ही तीन दिवस गाडीने, पक्क्या रस्त्याने आलो होतो तरी अंग आंबलं होतं. ती माणसं घोड्यांवरून, बैलांवरून, बायकापोरांसह, नर्मदा, चंबळ ओलांडत इथवर आली होती. नाना चपला काढून उभे राहिले. भावाने डब्यातला तिळाचा लाडू काढून दगडापाशी ठेवला. संक्रांत नव्हती, पण तिळाचा लाडू आणायचा हे आईने पानिपतचं नाव ऐकूनच ठरवलं होतं, आणि ते आम्हाला तिथे डबा उघडल्यावर कळलं.

दिवस चौथा आणि पाचवा: मंडी, मनाली

चंदीगडच्या पुढे डोंगर सुरू झाले. मंडीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मनालीपर्यंत फक्त ११० किमी, मुद्दाम. बियास नदी डाव्या-उजव्या हाताला खेळत असते आणि दरड केव्हा येईल सांगता येत नाही. पोलिसांनी आम्हाला दोनदा पाऊण-पाऊण तास थांबवलं. वहीत त्या दिवसाचे चार तास मोकळे ठेवलेले होते, म्हणून जिवाची घालमेल झाली नाही.

मनाली २,०५० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकापेक्षा वर आम्ही त्या रात्री झोपलो, आणि चढ तर अजून सुरूच व्हायचा होता. पुढच्या उंच्या नानांनी वहीत कळसूबाईच्या मापाने लिहिल्या होत्या: जिस्पा दोन कळसूबाई, बारालाचा तीन. मीटरचे आकडे विसरायला होतात. शेवटच्या शिडीवरची धाप मात्र चढलेल्या माणसाला आठवते, त्यामुळे हे माप डोक्यात राहिलं.

दिवस सहावा: मनाली ते जिस्पा

अटल बोगदा ९.०२ किमीचा, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. मनालीकडून आत शिरलो तेव्हा काचेवर भुरभुर पाऊस, देवदारांवर धुकं. दहा-बारा मिनिटांनी पलीकडे निघालो तर कोरडं ऊन आणि उघडे तपकिरी डोंगर. नाना म्हणाले, "इगतपुरी चढलो आणि येवल्यात उतरलो." इगतपुरीत पाऊस कोसळत असतो आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला ढगांची वाट बघतात. डोंगर ढग अडवतो ही तीच गोष्ट, फक्त इथे मधला डोंगर पीर पंजालचा.

सिस्सूला समोरच्या कड्यावरून धबधबा पडत होता. खाली चंद्रा नदी, काठाने बटाटा आणि फ्लॉवरची शेतं, पोती भरणाऱ्या बाया. विनंती थांबा, २० मिनिटं.

मग तांदी. आमच्या मूळ यादीत इथे फक्त पेट्रोल पंप होता. 'पुढचा पंप ३६५ किमीवर' असा फलक इथे आहे, टाकी काठोकाठ भरायची जागा म्हणून आम्ही ती लिहिली होती. नकाशावर बोट फिरवताना नानांना नद्यांची नावं दिसली. बारालाचाच्या एका अंगाला चंद्रा उगम पावते, दुसऱ्या अंगाला भागा. दोघी वेगवेगळ्या वाटांनी डोंगराला वळसा घालतात आणि तांदीला भेटतात. पुढे तिचं नाव चंद्रभागा, आणि आणखी खाली तीच चिनाब.

नाना ११ वर्षं वारीला गेलेत. त्यांची चंद्रभागा पंढरपूरची, भीमेचं ते वळण. ही दुसरी, हे त्यांना माहीत होतं. तरी संगमावर ते हळूहळू उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि बर्फासारख्या पाण्यात दोन पावलं टाकून उभे राहिले. पिशवीतून तांब्याचा गडू काढला. निघायच्या आदल्या दिवशी रामकुंडावरून भरून आणलेलं गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं पाणी त्यात होतं. अर्धं त्यांनी प्रवाहात सोडलं. पाणी राखाडी होतं, दोन नद्यांचे दोन रंग थोड्या अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहत होते. मी हात धरायला पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे पोरी, माउली धरतेय." पावलं लालभडक होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

इथे ठरवल्यापेक्षा ४० मिनिटं जास्त गेली. पंपासाठी लिहिलेली जागा आमच्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोठा थांबा ठरली.

दुपारी दोनच्या आत जिस्पा. भागेच्या रुंद, गोट्यांनी भरलेल्या पात्राच्या काठी मुक्काम. उंची साधारण ३,२०० मीटर.

दिवस सातवा: जिस्पा, आणि पुन्हा जिस्पा

जिस्पाच्या दोन रात्री यावरून घरी सगळ्यात मोठा वाद झाला होता. भावाचं म्हणणं होतं की दुसरा मुक्काम सरचूला तंबूत करू, आकाशगंगा दिसते. सरचू ४,२९० मीटरच्या आसपास आहे. दिवसा तेवढ्या उंचीवरून जाणं वेगळं आणि झोपणं वेगळं. झोपेत श्वास मंदावतो आणि तिथे खूप जणांची रात्र डोकं धरून जाते. शेवटी ठरलं ते असं: जिस्पाला दोन रात्री, मधल्या दिवशी वर जाऊन यायचं, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या खिंडी एका दमात ओलांडून झोपायला थेट सिंधूकाठी उतरायचं.

सकाळी साडेसहाला दीपक ताल. दारच्याची पोलीस चौकी ओलांडून वर. वाऱ्याचं नाव नव्हतं. पाण्यात डोंगराची उलटी सावली इतकी स्थिर होती की भावाने बारीकसा खडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. नऊ वाजता वारा सुटला आणि दहा मिनिटांत ती सावली मोडली. जे दुपारी इथे येतात त्यांना नुसतं हिरवट तळं दिसत असणार. म्हणून वहीत जागेच्या नावापुढे वेळ लिहायची.

परत खाली आलो, लसणाचं सूप, भात, झोप. भावाला बारीक सर्दी होती. त्याने ती अंगावर काढली आणि आम्हीही फार मनावर घेतलं नाही. ही चूक आमची तिघांची.

दिवस आठवा: जिस्पा ते उपशी

पहाटे पाचला निघालो. झिंगझिंगबारच्या आसपासचे ओढे गोठल्यासारखे मुके होते, चाकं जेमतेम भिजली. सूरज ताल साडेसातला. भागा इथेच जन्मते. परवा तांदीला ज्या नदीत नाना उभे होते, ती इथे एका तळ्याच्या कडेने हळूच पाझरत बाहेर पडताना दिसते. ऊन नुकतंच पाण्यावर उतरत होतं. १५ मिनिटं थांबलो, बारालाचावर पाच. ४,८९० मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर असतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दमेकऱ्यासारखी चढत होती.

सरचूला चहा, पराठा, तंबूमागचा आडोसा. अधिकृत थांबा क्रमांक ८, वेळेवर.

मग गाटा लूप्स. २१ वळणं, सारप नदीच्या काठापासून साधारण ४५० मीटर वर. आमच्या यादीत इथे तीन फोटोथांबे होते, नानांनी तिन्ही खोडले होते. "वळणात थांबायचं नाही. वरून ट्रक येतो त्याला जागा लागते. घाट बघायचा तर वर पोचून, मागं वळून." सप्तशृंगगडाच्या घाटात ज्याने हजारो फेऱ्या केल्या त्याच्याशी वाद कोण घालणार? आणि ते खरंच होतं. वर रुंद जागा आली, गाडी बाजूला घेतली, तर खाली सगळा रस्ता उलगडून पडलेला.

वाटेत एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागतो. सांगतात की बिघडलेल्या ट्रकमध्ये एक क्लीनर एकटाच मागे राहिला आणि तहानेने, थंडीने तिथेच गेला. येणारा-जाणारा त्याच्यासाठी पाणी ठेवतो. नानांनी काच खाली करून हात जोडले, आणि वर पोचल्यावर बाटलीतलं घोटभर पाणी मातीवर सोडलं. रात्रीच्या फेरीत बिघडलेल्या गाडीपाशी वाहकाला बसवून मदत आणायला ते स्वतः कितीदा गेले असतील. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

नकी ला (ला म्हणजे खिंड), मग लाचुलुंग ला, ५,००० मीटरच्या वर. तिथून खाली उतरताना भाऊ गप्प झाला. कांगला जलपाशी वाऱ्याने कोरलेल्या खडकांच्या कमानी आल्या, त्यानेच निवडलेली जागा, पण त्याने मानसुद्धा वळवली नाही. पांगला पोचताच गाडीचं दार उघडून ओकला. ऑक्सिमीटरवर माझा आकडा ८२, नानांचा ८४, त्याचा ७०.

पांगचा पेच नकाशा नुसता पाहून कळत नाही, त्यासाठी उंचीचा रकाना लागतो. डोकं दुखलं की खाली उतरा, हा साधा नियम. पण पांग आहे ४,६०० मीटरच्या आसपास, आणि तिथून खाली जायला वाट नाही. मागे गेलात तर लाचुलुंग ला, पुढे गेलात तर तांगलांग ला, ५,३२८ मीटर. दोन्हीकडे उतरण्याआधी चढायचं.

तंबूवाल्या लडाखी मावशींनी त्याला गाद्यांवर झोपवलं, गरम पाणी दिलं. त्याने कबूल केलं की सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायलाच नाही, सारखं थांबायला नको म्हणून. पांगला लष्कराचा तळ आहे. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, तासभर ऑक्सिजन दिला. छातीत पाणी नव्हतं, तोल ठीक होता, आकडा ८१ वर आला. डॉक्टर म्हणाले, इथे झोपू नका. खिंडीवर न थांबता ओलांडा आणि थेट खाली जा.

मी पहाटेपासून चालवत होते, माझेच हात थरथरत होते. नानांनी स्वतःचा आकडा पुन्हा डॉक्टरांना दाखवला, त्यांना विचारलं, आणि किल्ली मागितली.

मोरे मैदान ४० किमीच्या आसपास सपाट आहे, ४,७०० मीटरवर. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून ताणलेल्या दोरीसारखा रस्ता. नाना ताठ बसले होते, दोन्ही हात चाकावर, नजर लांब. नऊ वर्षांनी त्यांना अशी मोकळी सडक मिळाली होती आणि त्यांनी वेग ६० च्या वर जाऊ दिला नाही. मागे भावाचं डोकं माझ्या मांडीवर. दर १५ मिनिटांनी मी त्याला दोन घोट पाणी पाजत होते. लांबवर कियांगांचा, म्हणजे रानगाढवांचा कळप चरत होता, तो मी एकटीने पाहिला.

देब्रिंगपाशी त्सो कारचा फाटा आला. हा थांबा भावाचा. तो नांदूर मध्यमेश्वरला दर हिवाळ्यात पक्षी बघायला जातो. नांदूर मध्यमेश्वर आणि त्सो कार, दोन्ही जागा जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. त्सो कारला काळ्या मानेचे क्रौंच असतात आणि त्यांच्यासाठी त्याने दुर्बीण घेतली होती. फाट्यावर नानांनी गाडी जरा हळू केली आणि आरशातून मागे पाहिलं. भाऊ डोळे मिटूनच म्हणाला, "नाना, आज नको." गाडी सरळ पुढे गेली.

तांगलांग ला न थांबता ओलांडला. पलीकडच्या उतारावर प्रत्येक वळणागणिक त्याचा चेहरा बदलत गेला. रुम्त्सेला त्याने पाणी मागितलं. ग्याच्या पुढे बिस्कीट. मिरूच्या जवळ, जांभळ्या-लाल खडकांमधून रस्ता जातो तिथे, उठून बसला आणि म्हणाला, "ताई, हे कुठलं?" मला रडू आलं.

अंधार पडता पडता उपशी. खोलीच्या खिडकीखाली सिंधूचा आवाज.

दिवस नववा: उपशी ते लेह

सकाळी भावाचा आकडा ८९. थुक्पा दोन वाट्या संपवला. नाना एकटेच नदीवर जाऊन आले; गडू रिकामा करून, घासून आणला होता.

लेहपर्यंत जेमतेम ५० किमी. कारू, ठिकसे, शे. मठ टेकडीवर चढत गेलेले, खाली पॉप्लरच्या रांगा. या भागात आपली प्रीपेड सिम चालत नाहीत, म्हणून आईला फोन माझ्या पोस्टपेडवरून लावला. तिने आधी विचारलं, लाडू उरलेत का. पांगचं तिला नानांनी सांगितलं, सगळं, काही न लपवता.

लेहला खोलीत सामान टाकल्यावर नाना वही घेऊन बसले. ११ अधिकृत थांब्यांपैकी १० झाले होते. एकासमोर मोकळी जागा होती. पाच दिवसांनी याच रस्त्याने परतायचं, तोवर अंगाला उंची सवयीची झालेली असेल. भाऊ त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. नानांनी लाल पेन घेतलं आणि लिहिलं:

त्सो कार. परतीला. सकाळी ९ च्या आत. पाणी भरपूर. दुर्बीण वर ठेवणे.